वाचक विचारतात : आपल्या गावचा इतिहास शोधताना

प्रश्न : आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं चार-पाच कोरीव दगड उभे आहेत. लोक त्यांना 'वीर' म्हणून शेंदूर लावतात. आता जीर्णोद्धारात ते हलवून, रंग देऊन सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायचं ठरतंय. हे दगड कशाचे, आणि असं केलं तर चालेल का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : वर्णनावरून हे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर असतो. त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतील, तर तो गुरं सोडवताना मेला असं समजावं. त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. चौकटी कमीजास्त असू शकतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर तो गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. अशा दगडावर लेख असण्याची शक्यता बरीच, म्हणून तो आधी तपासा.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, त्यामुळं वीराचं नाव सांगता येत नाही. तरीही गावोगाव त्यांच्यापुढं 'शिवरायांच्या मावळ्याची समाधी' अशा पाट्या लागतात. बरेचसे वीरगळ शिवकाळाच्या आधीचे आहेत. पाटी लावायचीच तर 'वीरगळ' एवढंच लिहावं.

दगड शक्यतो हलवू नका, कारण त्याची जागा हाही पुरावा आहे. जुनी वाट, वेस, पांढरी (जुन्या वस्तीची जागा), गावाची शीव यांचा माग त्यावरून लागतो. हलवणं अटळच असेल तर आधी प्रत्येक दगडाचे चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. जमिनीत गाडलेला भागही मोजा, कधीकधी लेखाची ओळ तिथंच दडलेली असते. जेसीबीचे दात किंवा साखळी कोरीव अंगाला लागता कामा नये. गोणपाट गुंडाळून रुंद पट्ट्यानं उचला. खड्ड्यात मुरूम आणि दगडी चिपा ठासून दगड उभा करा, आणि पाणी बुडाशी न साचता बाहेर जाईल असा उतार द्या. सिमेंटमध्ये पुरला की ओल आत कोंडते, सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंट तर नकोच, तो कोरीव रेघा बुजवून टाकतो.

साफसफाईला साधं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरे. तारेचा ब्रश आणि ॲसिड वर्ज्य. शेंदराची पुटं गावाला विचारल्याशिवाय आणि जाणकार सोबत नसताना खरवडू नका. लेख वाचायचा असेल तर रात्री बॅटरीचा झोत एका बाजूनं तिरपा टाका. दुपारच्या उन्हात सपाट दिसणारी अक्षरं उठून दिसतात. खोदताना नाणी वा मूर्ती सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कामाआधी ग्रामपंचायतीचा ठराव करून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र द्यावं, हे उत्तम.

प्रश्न : घरात मोडी कागदांचं दप्तर आहे. मोडी थोडी लागते, पण सालच उलगडत नाही. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, अरबी आकड्यांत लिहिलेली. एकक आधी, मग दशक, मग शेकडा. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणून ११६१. यात ५९९ मिळवले की १७६० येतं. पण हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या आसपास बदलतो, त्यामुळं जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तिचं साल हेच. शकाला ७८ मिळवतात, पण इंग्रजी वर्ष बदलल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पानिपतचा शक १६८२, पौष महिना. ७९ मिळवून पाहा. दख्खनी फसली या महसुली सनाला ५९० मिळवायचे आणि मृगाची अट तिथंही तशीच. लोक एकच आकडा पाठ करतात, म्हणून निम्मे कागद एक वर्ष मागं जातात.

वाचन नव्याकडून जुन्याकडं करा. इंग्रजी अमदानीतलं मोडी बरंच एकसारखं असतं. त्यावर हात बसल्यावर पेशवेकालीन कागद घ्या. ऱ्हस्वदीर्घाचा भेद आणि शब्दांमधली मोकळी जागा शोधत बसू नका, बहुधा नसतेच. आणि कागदाला सेलोटेप किंवा लॅमिनेशन करू नका. गोंद पिवळा पडतो आणि पुढं अक्षरासकट निघतो.

प्रश्न : आमची चौथी पिढी इंदूरला आहे. मूळ गाव 'पिंपळगाव', आडनाव पाटील, एवढंच ठाऊक आहे. (एक वाचक)

उत्तर : पिंपळगावं डझनांनी आहेत आणि पाटीलकी हे वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हुद्दा आहे. या दोन शब्दांवर शोध पुढं सरकणार नाही. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कुलदैवत, देवक, मूळ आडनाव, कोणत्या नदीकाठचं गाव आणि जुन्या सोयरिकी लिहून घ्या. मग त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडं जा. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूचं गाव आणि पिढ्यांची नावं असतात. तालुका कळला की अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि जुने फेरफार मागा. त्याआधीच्या वतनाच्या कागदांसाठी पुण्याचं पेशवे दप्तर आहे, पण तिथं हल्लीचा तालुका सांगून भागत नाही, परगणा आणि तर्फ हे जुने महसुली विभाग सांगावे लागतात. बायकांची नावं या कागदांत क्वचितच सापडतात. विधवेनं वतनावर हक्क सांगितला असेल, तर मात्र त्या कज्जात हमखास.

प्रश्न : गावच्या स्मरणिकेत 'आमचं गाव पांडवकालीन' असं छापावं का?

उत्तर : 'गावात असं सांगतात' म्हणून वेगळ्या चौकटीत जरूर छापा. नाशिकच्या लेण्यांनाही लोक पांडवलेणी म्हणतात. आत मात्र क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडं (व्यावसायिक संघांकडं) ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवली : २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० पाऊण टक्क्यानं. मूळ रक्कम परत द्यायची नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च भागवायचा. व्याजाच्या दरासकट असा पुरावा आपल्या मातीत असताना त्याच्यावर भीमाची गदा ठेवण्याची गरज नाही. तुमच्या पंचक्रोशीत असा लेख असेल तर त्याचं प्रसिद्ध झालेलं वाचन मिळवा आणि अर्थासह पहिल्या पानावर घ्या.