कृषी पदवीतलं 'रावे' नुसतं सोपस्कार न राहता नोकरीला कसं उपयोगी पडेल?

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठात असा, रावे म्हणजे ग्रामीण कार्यानुभव. कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात तो सातव्या सत्रात 20 आठवड्यांचा आहे. त्यातले 8 आठवडे गावात, बाकीचे संशोधन केंद्र, पीक चिकित्सालय, कृषी उद्योग वगैरे.

कस लागतो तो गावातल्या प्रात्यक्षिकांत. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशकच घ्या. 1 टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा. लोखंडी बादली नको. द्रावणं थंड झाल्यावर एकत्र करून ढवळा, मग घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, फवारल्यास पानं करपतील. चुन्याची निवळी वाढवा आणि पुन्हा तपासा. चुना जुना, हवेत विरलेला असेल तर हे हमखास होतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

बहुतेक गट इथे फोटो काढून मोकळे होतात, अहवाल सीनियरचा उतरवतात. मुलाखतीत 'खिळ्यावर थर का येतो?' एवढं विचारलं की उघडे पडतात. त्यापेक्षा प्रत्येक प्रात्यक्षिकाला तारीख, पीक, मात्रा, खर्च आणि शेतकऱ्याने विचारलेले प्रश्न रोजच्या रोज वहीत लिहा. आठ-दहा दिवसांनी त्याच शेतात परत जाऊन परिणाम नोंदवा. निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विकणाऱ्या कंपनीतल्या क्षेत्र अधिकाऱ्याचं काम जवळपास हेच असतं.