पत्त्यांमधले लागोपाठ स्वल्पविराम

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी गूगल शीट्समध्ये आहे. घर, इमारत, रस्ता, पेठ, गाव हे रकाने स्वल्पविरामाने जोडून पाकिटांवरचे पत्ते केले, की रिकाम्या रकान्यांमुळे ‘१२, , , शनिवार पेठ,, सातारा , ’ असे काहीतरी छापले जाते. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये दोन स्वल्पविरामांच्या जागी एक घालून पाहिला, तरी काही उरतातच. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पद्धतीत एका फेरीत पाच स्वल्पविरामांचे तीनच होतात, आणि मधे स्पेस असली तर जोडी सापडतच नाही. त्याऐवजी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’चा, म्हणजे नेमक्या शब्दांऐवजी चिन्हांनी लिहिलेला नमुना शोधण्याचा, पर्याय निवडून शोधायच्या जागी [ ]*(,[ ]*)+ हा नमुना द्यावा आणि बदली म्हणून एक स्वल्पविराम व एक स्पेस द्यावी. यातील अधिकचिन्ह ‘एक किंवा अधिक वेळा’ असे सांगते, तर तारांकन ‘शून्य किंवा अधिक वेळा’; म्हणूनच घाईघाईत नुसते ,* लिहू नये, कारण ते रिकाम्या जागेशीही जुळते आणि अक्षरा-अक्षरांमध्ये स्वल्पविराम पेरून ठेवते. वरील बदलानंतर तुमचा पत्ता ‘१२, शनिवार पेठ, सातारा, ’ असा होईल. शेवटचे शेपूट काढण्यासाठी ^[, ]+|[, ]+$ शोधून त्याच्या जागी काहीही देऊ नये.

हा क्रम उलटवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, ते ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या अशाच एका नमुन्यामुळे. एका मजकुरात सुमारे २०,००० स्पेस सलग आल्या होत्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या; त्यामुळे इंजिन (नमुना शोधणारी यंत्रणा) प्रत्येक स्पेसपासून नव्याने सुरुवात करून शेवटी अपयशी ठरत गेले आणि तपासण्यांची संख्या जवळजवळ २० कोटींवर गेली. गूगल शीट्सच्या सूत्रांमागील आरई२ हे इंजिन अशा सापळ्यात अडकत नाही, तरी इतरत्र हाच नमुना वापराल तेव्हा आधी स्वल्पविराम-स्पेसच्या सलग रांगा आखडून मगच टोके छाटावीत.

मात्र सीएसव्ही फाइलवर (जिच्यात रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात) हा प्रयोग मुळीच करू नये, कारण तिथे दोन स्वल्पविरामांमधली रिकामी जागा म्हणजे एक रकाना असतो. तो मिटला की पुढचे सगळे रकाने एकेक घर डावीकडे सरकतात आणि दूरध्वनी क्रमांक पिनकोडच्या जागी जाऊन बसतो.

खरे तर हे सगळे स्वल्पविराम मुळातच टाळता येतात. पत्ता जोडताना टेक्स्टजॉइन हे सूत्र वापरून त्याच्या दुसऱ्या जागी ‘ट्रू’ दिले, तर रिकामे रकाने वगळले जातात. फक्त ज्या रकान्यात कोणी चुकून एखादी स्पेस टाइप केली आहे तो सूत्राच्या लेखी रिकामा नसतो, म्हणून आधी त्या रकान्यांवर ट्रिम हे जादा स्पेस काढणारे सूत्र चालवून घ्यावे.