सूट ऐकलात, आता एक अख्खा प्रवेश ऐका

तुमचे तिन्ही प्रश्न आधी एकत्र लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर'चा सूट (म्हणजे बॅलेतल्या निवडक तुकड्यांचा संच) ऐकला आणि फार आवडला, त्या उत्साहात त्याचाच 'स्वान लेक' पूर्ण लावला तर अर्ध्यातच कंटाळा आला. मग नाच न बघता बॅलेचं संगीत ऐकण्यात काही अर्थ आहे का? रशियन मंडळींपैकी सुरुवात कोणापासून करावी? आणि शोस्ताकोविचच्या 'जॅझ सूट क्र. २'मधला तो प्रसिद्ध वॉल्ट्झ (तीन मात्रांचा युरोपी नाच) नेमका कुठल्या बॅलेतला?

शेवटच्या प्रश्नाचा निकाल आधी लावतो. कुठल्याच बॅलेतला नाही, आणि जॅझ सूटमधलाही नाही. तो १९५०च्या दशकातल्या एका सोव्हिएत चित्रपटाच्या संगीतातून आलाय. नंतर इतर तुकड्यांबरोबर एका हलक्याफुलक्या वाद्यवृंदाच्या सूटमध्ये तो गोवला गेला आणि रेकॉर्डवाल्यांनी त्यावर 'जॅझ सूट क्र. २' अशी चुकीची चिठ्ठी डकवली. खरा दुसरा जॅझ सूट १९३८चा, तो वेगळाच आहे. चिठ्ठी आजही निघालेली नाही, त्यामुळे यूट्यूबवर तेच नाव दिसत राहणार.

आता मूळ मुद्दा. नाच न बघता ऐकण्यात अर्थ नक्की आहे. पण तुम्ही ज्या दोन टोकांनी ऐकलंत, म्हणजे एकदा निवडक तुकडे आणि एकदा सगळं सलग, त्या दोन्हींत या संगीताची खरी गंमत हाती लागत नाही. हे फर्माइशीवर लिहिलेलं संगीत आहे. किती बार (ठरावीक मात्रांचे छोटे खंड) हवेत, ठेका कोणता, कुठे थांबायचं, हे नृत्यरचनाकार सांगणार आणि संगीतकार त्या मापात बसवणार. त्या मापाशी प्रत्येक रशियन संगीतकाराने कशी झटापट केली, हे कानाला कळायला लागलं की कंटाळा पळतो.

चायकोव्स्कीच्या आधी झटापट नव्हतीच. पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर बॅले-संगीतकार हे चक्क नोकरीचं पद होतं. लुडविग मिंकुस हा त्या पदावरचा शेवटचा. १८८६मध्ये तो निवृत्त झाला आणि पदही गेलं. त्याचं काम चोख असे: स्वच्छ ठेका, लक्षात राहणारी चाल, नर्तकीच्या उडीला बरोबर आधार. १८७७चं त्याचं 'ला बायादेर' भारतात घडतं, नायिका देवळातली नर्तकी आहे, पण संगीतात भारत शोधायला जाऊ नका. तिथे आपली देवदासी थेट युरोपातल्या वॉल्ट्झवर नाचते.

त्याच १८७७मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात 'स्वान लेक' पहिल्यांदा झालं. तुमच्या कंटाळ्याचं एक कारण इथे सापडेल. आज रंगमंचावर बहुतेक वेळा दिसतं ते १८९५च्या पीटर्सबर्गच्या प्रयोगावर बेतलेलं असतं. चायकोव्स्की १८९३मध्येच गेला होता. मारियुस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी नृत्य नव्याने बसवलं आणि रिकार्दो द्रिगो या कंडक्टरने संगीत कापलं, हलवलं, वर चायकोव्स्कीचेच पियानोचे तीन तुकडे वाद्यवृंदासाठी लिहून मध्ये घातले. काळ्या हंसिणीचं आज गाजणारं युगुलनृत्य मुळात पहिल्या अंकातल्या संगीतावर आहे. ते उचलून तिसऱ्या अंकात नेलं. याउलट पूर्ण संगीताच्या ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा १८७७चा क्रम असतो. म्हणजे व्हिडिओ बघून कथा डोक्यात ठेवली आणि मग ध्वनिमुद्रण लावलं, तर माणूस हरवणारच. त्यात तुमचा दोष नाही.

पुढच्या दोन बॅलेंत मात्र पेतिपा आणि चायकोव्स्की समोरासमोर होते. 'स्लीपिंग ब्यूटी'साठी (१८९०, मारिन्स्की थिएटर) पेतिपाने दिलेली टिपणं वाचण्यासारखी आहेत. राजकन्या ऑरोराला चातीचं टोक टोचतं त्या प्रसंगाची सूचना थोडक्यात अशी: म्हातारी विणकामाच्या सुयांनी २/४चा (दोन मात्रांचा) ठेका धरते, हळूहळू त्याचा सुरेल ३/४ वॉल्ट्झ होतो, मग एकदम थांबा, टोचलं, किंकाळी, रक्त, ४/४चे आठ बार. एखाद्या संगीतकाराने कपाळाला हात लावला असता. चायकोव्स्कीने हे सगळं जवळजवळ जसंच्या तसं पाळलं, पण त्याला आतून दुष्ट परी काराबॉसच्या सुरावटीचा धागा दिला. प्रस्तावनेत शाप दिला तेव्हा जे ऐकू येतं, तेच इथे परत डोकावतं. नर्तकांना बार मोजून मिळाले आणि ऐकणाऱ्याला सिंफनी मिळाली. दोघेही खूश.

हे फर्माइशीचं नातं आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही. लावणीच्या फडात ढोलकीवाल्याची नजर बाईंच्या पायांवर असते, तशीच बॅलेच्या कंडक्टरची असते. 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या 'रोज अडाजिओ'त, म्हणजे गुलाबांच्या संथ नाचात, ऑरोरा एका पायाच्या अंगठ्यावर उभी राहून एकेका राजपुत्राचा हात सोडते आणि धरते. तिचा तोल त्या दिवशी किती टिकतोय ते बघून कंडक्टर लय ताणतो किंवा आटोपती घेतो. म्हणून थिएटरातलं संगीत आणि निव्वळ ऐकण्यासाठीचं ध्वनिमुद्रण यांच्या लयीत फरक पडतो. पाय नसले की कंडक्टर सुटतात. मला स्वतःला ती सुटलेली लय फारशी पटत नाही. उडी मारून खाली यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या स्वरांना लागतोच.

आता 'नटक्रॅकर' (१८९२). तुम्ही ऐकलेल्या सूटमध्ये आठ तुकडे आहेत आणि बॅले रंगमंचावर येण्याआधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये, तो मैफलीत वाजला होता. साखरपरीच्या नाचातला तो घंटांसारखा किणकिणणारा आवाज चेलेस्टाचा. हे वाद्य चायकोव्स्कीला पॅरिसमध्ये सापडलं. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना सुगावा लागू नये म्हणून, गुपचूप मागवा, असं त्याने प्रकाशकाला बजावलं होतं. पेतिपाला तिथे कारंज्याच्या थेंबांसारखा आवाज हवा होता. तो मिळालाच, पण त्या थेंबांना खालून बास क्लॅरिनेट हे खर्जातलं फुंकवाद्य घरंगळत जे उत्तर देतो ती चायकोव्स्कीची स्वतःची भर, आणि निम्मी जादू त्यातच आहे.

पण या बॅलेतलं सर्वात मोठं संगीत सूटमध्ये नाहीच. पाहुणे घरी जातात, दिवे मालवतात, रात्री ख्रिसमसचं झाड वाढू लागतं. तिथपासून उंदरांची लढाई, पाइनचं जंगल आणि हिमकणांचा वॉल्ट्झ संपेपर्यंतचा भाग सलग ऐका, साधारण वीसेक मिनिटांचा आहे. झाड वाढताना पेतिपाने मागितली होती ती हळूहळू चढत जाणारी भव्यता. चायकोव्स्की एक छोटीशी सुरावट घेतो आणि तीच एकेक पायरी वर सरकवत नेतो. दर खेपेला वाटतं आता शिखर आलं, आणि ते अजून वर निघतं. घरातलं झाड मोठं होतंय हे सांगायला एवढ्या आकांताची गरज नव्हती. पुढे हिमकणांच्या वॉल्ट्झमध्ये शब्द नसलेला मुलांचा कोरस येतो.

दुसऱ्या अंकातलं युगुलनृत्यही सूटमधून वगळलेलं. हार्पच्या लाटांवर चेलो जी चाल वाजवतात ती म्हणजे वरच्या 'सा'पासून खालच्या 'सा'पर्यंत सरळ उतरणारा बिलावलचा अवरोह. सा नी ध प म ग रे सा, बस. पेटीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. पण कुठल्या स्वरावर किती थांबायचं आणि खालची स्वरसंगती कधी बदलायची, एवढ्यावर हा माणूस मिठाईच्या राज्यातल्या नाचाला शोकाच्या काठावर नेऊन ठेवतो. माझं मत विचाराल तर तुमची सुरुवात इथून व्हावी.

ग्लाझुनोव्हचं 'रेमोंडा' आणि 'द सीझन्स' छान आहेत, देखणं वाद्यवृंदलेखन आहे, पण घाई नाही. बोरोदिनचे 'पोलोव्त्सियन डान्सेस' तर ऐकाच. ते ऑपेरातले आहेत, आणि लिहिणारा पेशाने रसायनशास्त्रज्ञ होता.

मग पॅरिस. सर्गेई दियागिलेव्ह या निर्मात्याने १९०९पासून रशियन नर्तक तिकडे नेले आणि मापाचा कारभार उलटा झाला. इगोर स्ट्राविन्स्कीच्या तीन बॅले ओळीने बघा: 'फायरबर्ड' १९१०, 'पेत्रुश्का' १९११, 'राइट ऑफ स्प्रिंग' १९१३. पहिल्यात तो अजून गुरू रिम्स्की-कोर्साकोव्हच्या छायेत आहे, तरी शेवटची चाल ऐका. हॉर्नवर शांतपणे सुरू झालेली चाल अखेरीस सात मात्रांत जाते. रूपक अंगवळणी पडलेल्या आपल्या कानाला त्यात अवघड काहीच वाटत नाही. त्या काळच्या पायांना वाटलं असणार.

'राइट'मध्ये नर्तकांनी संगीताच्या मागे धावायचं. सुरुवातीच्या बासून या फुंकवाद्याच्या त्या उंच, ताणलेल्या आलापीनंतर तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरसंघ (एकदम वाजणारे अनेक स्वर) ठोकायला लागतात. तिथे थांबा आणि हाताने मात्रा धरा. मात्रा अगदी सरळ, समान आहेत. पहिल्या आठ बारांत बत्तीस येतात, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. पण आघात पडतात १०, १२, १८, २१, २५ आणि ३० या मात्रांवर, आणि प्रत्येक आघातावर आठ हॉर्न एकदम ओरडतात. गट पाडून बघा: ९, २, ६, ३, ४, ५, ३. बेरीज बत्तीस. तबल्याशी थोडीफार ओळख असेल तर दोन-तीन वेळा ऐकून हे हातात बसतं आणि मग अंगावर काटा येतो. तिहाईची सवय असलेला कान इथे समेची वाट बघत राहतो आणि स्ट्राविन्स्की ती देत नाही.

२९ मे १९१३च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. नृत्यरचनाकार निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून मात्रा ओरडत होता. पुढच्या वर्षी पॅरिसमध्येच हे संगीत नाचाशिवाय मैफलीत वाजलं, कंडक्टर तोच, पिएर माँतो, आणि लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवलं. 'नाच न बघता ऐकावं का' या तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. जाता जाता एक: या बॅलेची कल्पना रचण्यात आणि नेपथ्य-वेशभूषेत असलेला निकोलाय रोरिख म्हणजे पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला स्थायिक झालेला तोच चित्रकार. बॉम्बे टॉकीजची देविकाराणी ही त्याची सून.

प्रोकोफिएव्हचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे या झटापटीचं सर्वात मजेदार प्रकरण. १९३५मध्ये लिहिताना त्याने शेवट सुखाचा केला होता. कारण अगदी व्यवहारी: जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी आडवी पडून नाचत नाहीत. तो शेवट पुढे बदलला. बोल्शोईत यावर नाचताच येणार नाही असं ठरलं. पहिला प्रयोग १९३८च्या डिसेंबरात चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नो इथे झाला. १९४०मध्ये लेनिनग्राडला किरोव्हने (मारिन्स्कीचंच सोव्हिएत काळातलं नाव) केलं तेव्हा नर्तकांची तक्रार, वाद्यवृंद ऐकूच येत नाही. ज्युलिएट झालेली गालिना उलानोवा सांगते की प्रोकोफिएव्ह चिडून म्हणाला, तुम्हाला संगीत नको, ढोल हवेत. शेवटी काही ठिकाणी वाद्यमेळ जाड करावाच लागला. इथेही सूट आणि बॅले यांत फरक आहे. सरदारांच्या नाचाआधीचे ते किंचाळणारे स्वरसंघ बॅलेत वेगळ्या जागी आहेत, व्हेरोनाचा ड्यूक दंगल थांबवायचा हुकूम देतो तिथे. पहिल्या अंकातला नाचघराचा प्रवेश पूर्ण ऐका. त्या जड पावलांच्या नाचात मध्येच बासऱ्यांचा एक थंड, नाजूक भाग येतो, त्यावर ज्युलिएट ठरवलेल्या नवऱ्याबरोबर नाचते. कोणीही न सांगता कळतं की हे लग्न तिला नकोय.

खाचातुरियान आर्मेनियन, तिबिलिसीचा. त्याला रशियन म्हणण्यापेक्षा सोव्हिएत म्हणावं. 'सेबर डान्स' सर्वांनी ऐकलाय, पण तो ज्या 'गयाने'तला आहे ती बॅले १९४२मध्ये युद्धामुळे पेर्मला हलवलेल्या किरोव्ह कंपनीने केली, हे फारसं कोणी सांगत नाही. 'स्पार्टाकस'मधला अडाजिओ आवडेल तुम्हाला. बाकी त्यात कवायत जरा जास्त आहे.

आणि नाव नाचाचं, पण त्या वेळी नाच न झालेलं काही हवं असेल तर राखमानिनोव्हचे 'सिंफनिक डान्सेस', १९४०चे. नृत्यरचनाकार फोकीनला त्याने ते वाजवून दाखवले होते, बॅलेचं बोलणंही झालं. १९४२मध्ये फोकीन गेला आणि ते राहिलं. पहिल्या भागात मध्येच आल्टो सॅक्सोफोन गायला लागतो, तिथे हातातलं काम बाजूला ठेवा.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईत एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामावर लक्ष ठेवा. रशियन कामं तिथे वाजत असतात. दौऱ्यावर येणाऱ्या बॅले कंपन्यांच्या बाबतीत मात्र तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्या: वाद्यवृंद असणार आहे की ध्वनिमुद्रण लावणार आहेत? जाहिरातीत हे पुष्कळदा लिहिलेलं नसतं. ध्वनिमुद्रण असेल तर नाच बघायला जरूर जा, पण मागच्या स्वस्त रांगेचं तिकीट पुरेल.