ट्रेलर जोडताच पार्किंगचा फ्यूज उडतो : शॉर्ट कसा शोधावा

आपण लिहिले आहे की, बडोद्यात दांडिया बाजारातून मकरपुऱ्याकडे केटरिंगची भांडी नेताना व्हॅनला ट्रेलर जोडून पार्किंग लाइट लावले की 10 अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो, ट्रेलरचा प्लग काढला की टिकतो, इंडिकेटर व ब्रेक लाइट मात्र नीट चालतात, आणि गॅरेजवाल्याने 20 चा फ्यूज घालण्यास सांगितले आहे. तो सल्ला कृपया मानू नये. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की शॉर्टच्या वेळी त्याच्याऐवजी वायर तापते, आणि ती तर मॅटखालून गेलेली असते.

इंडिकेटर आणि ब्रेक लाइट चालतात, यावरूनच निम्मे काम झाले आहे. सात पिनांच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये 5 व 7 क्रमांकाच्या पिना उजव्या आणि डाव्या पार्किंग लाइटच्या असतात, त्यामुळे सगळा हार्नेस (वायरींची जुडी) सोडवत बसण्याचे कारण नाही. प्रमाणानुसार 5 ची वायर तपकिरी, 7 ची काळी आणि 3 ची, म्हणजे अर्थची, पांढरी असते. स्थानिक कारागिराने बांधलेल्या ट्रेलरमध्ये मात्र दुकानात मिळेल तो रंग वापरलेला असतो, म्हणून रंग न पाहता प्लगच्या आत कोरलेले आकडे पाहावेत. अलीकडे कोणी दुरुस्ती केली असेल, तर काळी वायर अर्थची समजून चॅसीला आवळलेली नाही ना, हे सर्वांत आधी तपासावे. तसे असेल तर तोच आपला शॉर्ट.

ते नसेल, तर उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरींनी 12 व्होल्ट, 21 वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब जोडावा. प्लग लावून पार्किंग चालू केल्यावर शॉर्ट असेपर्यंत हा बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, आणि त्यातून दोन अँपिअरहून कमी प्रवाह जात असल्याने वायर तापणार नाही. आता ट्रेलरचे जोड एकेक करून सोडवावेत आणि वायर हाताने हलवत पुढे जावे. ज्या क्षणी बल्ब मंद होईल, तेथेच दोष आहे. या चाचणीत पार्किंगचे दिवे मिणमिणले किंवा लागलेच नाहीत, तरी गोंधळू नये.

मल्टिमीटरने कंटिन्युइटी (दोन टोकांमध्ये प्रवाहाला वाट आहे का, ते) पाहणार असाल, तर ट्रेलरचे पार्किंगचे बल्ब आधी काढावेत. थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्या फिलामेंटच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणून धडधाकट बल्बमधूनही मीटर बीप देतो आणि माणूस नसलेला शॉर्ट शोधत राहतो. (अनुभवी मेकॅनिकही येथे फसलेले पाहिले आहेत.)

माझा पहिला संशय मात्र वायर चॅसीच्या भोकातून आत शिरते त्या जागेवर राहील. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) नसेल, तर पत्र्याची धार धक्क्याधक्क्याने कवच कापते. वायर बाहेर ओढून उलटी केली की बारीक चीर, आत हिरवट पडलेले तांबे आणि पत्र्यावर ठिणगीचा काळा ठिपका दिसतो. त्यानंतर टेललाइटचे होल्डर पाहावेत, कारण पावसाळ्यानंतर त्यांच्यातील गंजाने संपर्काची पट्टी कडेला टेकलेली सापडते. खराब तुकडा कापून जोड सोल्डर करावा, त्यावर हीट श्रिंक नळी (उष्णतेने आवळून घट्ट बसणारी) चढवावी आणि भोकात ग्रोमेट बसवावे. नुसती टेप पहिल्याच पावसात सुटते. चाचणीचा बल्ब ट्रेलर हलवूनही पुन्हा भगभगीत पेटत नाही, अशी खात्री झाल्यावरच 10 अँपिअरचा फ्यूज परत घालावा.