सार्डिनियाची तुरट लाल वाइन आणि तिच्यासोबतचं ताट

इटलीच्या सार्डिनिया बेटाची लाल वाइन ‘कारिन्यानो देल सुल्चिस’ आणली. पहिल्याच घोटाला जीभ जांभळं खाल्ल्यासारखी खरखरीत झाली. बाटली खराब निघाली का? (पुणे)

नाही. बहुधा तुम्ही ती नुसतीच प्यायलात. कारिन्यानो द्राक्षात रंग, आंबटपणा आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, तिन्ही भरपूर असतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, जिभेवरचा ओशटपणा जातो आणि कोरड पडते. घासात मांस किंवा चीज असलं की टॅनिन त्यातल्या प्रथिनांत आणि चरबीत गुंततं, मग मागचं पिकलेलं फळ जाणवायला लागतं. ही वाइन जेवणाबरोबरच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तिथले लोक तिच्याबरोबर काय खातात?

सुल्चिस हा सार्डिनियाचा समुद्राकाठचा नैर्ऋत्य कोपरा, पण बेटाचं खाणं मुळात मेंढपाळांचं. दूधपित्या डुकराचं पिल्लू मंद आचेवर तासन्‌तास भाजून मर्टल या सुगंधी झुडपाच्या पानांवर ठेवतात, ते ‘पोर्चेद्दू’. त्याची कुरकुरीत, चरबीदार कातडी आणि ही वाइन एकमेकांसाठीच आहेत. ‘मल्लोरेद्दूस’ हा छोटा, रेघांचा पास्ता डुकराच्या सॉसेजच्या टोमॅटो-रश्शात येतो. तिथे वाइनचा आंबटपणा टोमॅटोला पुरून उरतो. तरीही मला सर्वांत आवडते ती बटाटे-कांदे घालून उकडलेली मेंढी, ‘पेकोरा इन काप्पोत्तो’. दिसायला साधी, पण मेंढीच्या उग्र वासाला इतकीच दणकट वाइन लागते. मांस नको असेल तर मुरलेलं पेकोरीनो किंवा धुरी दिलेलं फिओरे सार्दो चीज घ्या. दोन्ही मेंढीच्या दुधाची, खारट आणि स्निग्ध. मीठ तुरटपणा बोथट करतं.

तिथल्या वेली कलमाशिवाय, स्वमुळांवर उभ्या आहेत असं वाचलं. आम्ही डॉगरिज खुंटाशिवाय, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात त्या दुसऱ्या जातीच्या वेलीशिवाय, बाग लावायचा विचारही करत नाही. हे कसं जमतं? (द्राक्ष बागायतदार, सांगली)

वाळूमुळे. आपण खुंट घेतो तो मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून. युरोपात तो फिलोक्सेरासाठी घ्यावा लागला. मुळांवर जगणाऱ्या या किडीने एकोणिसाव्या शतकात तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. निव्वळ वाळूत मात्र तिला नीट फिरता-वाढता येत नाही, म्हणून सुल्चिसच्या सांत’आंतिओको बेटावर आणि समोरच्या किनाऱ्यावर जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर टिकल्या. त्यांना मांडव नसतो. वेल झुडपासारखी बुटकी ठेवतात, कारण वायव्येचा ‘माएस्त्राले’ वारा उंच वेलीला झोडपतो. जुनी, झुडपी वेल घड कमी धरते आणि रस दाट देते. तुम्हाला बाटली निवडायची असेल तर अशा वेलींची निवडा, चार पैसे जास्त गेले तरी.

तांबड्या रश्श्याबरोबर चालेल का? (कोल्हापूर)

माझा सल्ला, नको. अल्कोहोल आणि तिखट एकत्र आले की तोंडातली आग वाढते, त्यात तुरटपणा भर घालतो; रस्साही बिघडतो आणि वाइनही. मटण खायचंच तर खोबऱ्याचं, कमी तिखटाचं सुकं करा आणि चरबी काढून टाकू नका.

सार्डिनियालगतच्या सान पिएत्रो बेटावरच्या कार्लोफोर्तेला जाणार आहोत. तिथल्या प्रसिद्ध ट्यूनाबरोबर हीच मागवू?

मागवू नका. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही, तोंडात धातूसारखी, हिंवस चव राहते. ट्यूनाबरोबर सार्डिनियाचीच पांढरी वेर्मेंतीनो घ्या.

लेबलवर ‘रिझेर्वा’ आणि ‘सुपेरिओरे’ असतं. कोणती घ्यावी?

या वाइनला १९७७ साली डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेश आणि नियमांची हमी देणारा इटलीचा दर्जा मिळाला. नियमाप्रमाणे किमान ८५ टक्के द्राक्ष कारिन्यानोच हवं. रिझेर्वा जास्त काळ मुरवलेली असते, तर सुपेरिओरे झुडपी वेलींची. पहिल्यांदाच घेत असाल तर साधी घ्या, फळ ताजं लागतं. मोठ्या जेवणासाठी सान्तादी सहकारी वायनरीची ‘तेर्रे ब्रूने’ बघा. ती घडवण्यात इटलीची नामांकित लाल वाइन सास्सिकाइया नावारूपाला आणणारे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांचा हात होता. कोणतीही असो, १६ ते १८ अंशांवर वाढा. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली काही वेळ फ्रीजमध्ये ठेवावी लागते. फार गार झाली तर टॅनिन आणखी टोचेल.