गुन्हेगार कोण ठरतो? अमेरिकेच्या तुरुंगांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्येच संपली. मग तिचा संबंध तुरुंगांशी का जोडता?

संपली, पण पळवाट ठेवून. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी बंद केली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून मात्र ती चालू ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांना तेवढं पुरलं. मिसिसिपीत कामाचा लेखी पुरावा नसलेला काळा माणूस 'भटका' ठरायचा, त्याला दंड व्हायचा आणि तो भरता आला नाही की मजुरीला जुंपलं जायचं. पुढे राज्यं कैदीच भाड्याने देऊ लागली; खाणींना, ऊसमळ्यांना, रेल्वेच्या कामांना. गुलामासाठी मालकाने पैसे मोजलेले असत, त्यामुळे तो मरू नये एवढं तरी बघितलं जाई. भाड्याचा कैदी मेला तर ठेकेदाराचं काय जाणार? टेक्सासमधल्या शुगर लँडला २०१८ मध्ये शाळेच्या बांधकामात अशा ९५ जणांचे अवशेष सापडले. अलाबामाने ही पद्धत बंद केली ती थेट १९२८ मध्ये.

प्रश्न : आज तरी कायदा सर्वांना सारखाच आहे ना?

कागदावर आहे. १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (म्हणजे खड्यांच्या रूपातलं, ओढायचं कोकेन) किमान ५ वर्षं कैद होती. तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन ५०० ग्रॅम लागे. पदार्थ मुळात एकच, कायद्यात माणसाच्या रंगाचा उल्लेखही नाही. पण क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य काळे होते. २०१० मध्ये शंभरास एकचं प्रमाण अठरास एकवर आलं. (एकास एक का नाही, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.)

प्रश्न : कैद्यांना अजूनही शेतात राबवतात, हे खरं?

खरं. लुइझियानातला अंगोला तुरुंग जुन्या मळ्याच्या जमिनीवरच उभा आहे, सुमारे १८,००० एकरांवर. कैदी बहुसंख्य काळे, शेतातली मजुरी ताशी काही सेंट. २०२२ मध्ये अलाबामासह चार राज्यांच्या मतदारांनी आपापल्या राज्यघटनेतली पळवाट काढली. लुइझियानाने ती ठेवली. २०२४ मध्ये पुरोगामी म्हणवणाऱ्या कॅलिफोर्नियानेही सक्तीची मजुरी बंद करायला नकार दिला. तेव्हा सगळा दोष दक्षिणेच्या माथी मारू नका.

प्रश्न : आपल्याकडे असं काही नाही, हे बरं!

वंश नसेल, जात आहे. सफाई कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी, हे तुरुंगांच्या नियमावल्या जातीवरून ठरवत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. या प्रकरणात नोटीस गेलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता.