एमजीबीच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय, इंजिन काढावंच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1972 ची एमजीबी जीटी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), ओव्हरड्राइव्हवाली, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा यंत्रणा गिअरबॉक्समागे असलेली. रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्सचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.

उतरवावं लागेलही कदाचित. पण तेल नक्की कुठून येतंय हे कळल्याशिवाय होकार देऊ नका. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा जोडीनेच पुढून वर काढतात. त्यामुळे निदान चुकलं तर शंभर रुपयांच्या सीलसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी जाते आणि डाग तसाच राहतो.

या गाडीत एक अडचण आहे. बहुतेक गाड्यांत गिअरचं तेल वासावरून आणि घट्टपणावरून लगेच ओळखू येतं. एमजीबीत मात्र इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये एकच 20डब्ल्यू-50 तेल असतं. ओव्हरड्राइव्हलाही तेच, कारण तो गिअरबॉक्सचंच तेल वापरतो. म्हणून नुसत्या डागावरून काही ठरवता येत नाही. इंजिनाचं तेल काळं पडतं आणि गिअरबॉक्सचं बराच काळ मधासारखं राहतं, एवढाच काय तो इशारा. डाग पातळ असेल, वेगळा वास येत असेल आणि त्याच्या वाटेवरचा रंग सुटत असेल, तर ते तेलच नाही. ते क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधलं हायड्रॉलिक फ्लुइड आहे. तो सिलिंडर बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या घराच्या) बाहेरच्या अंगाला असतो, त्यासाठी काहीच उतरवावं लागत नाही.

आधी खालचा सगळा भाग डिग्रीझरने धुऊन, ब्रशने घासून कोरडा करा. या बी-सीरीज इंजिनाच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेट कव्हरच्या दोन झाकण्या असतात. त्यांची कॉर्कची गॅस्केट झिरपते, तेल ब्लॉकवरून मागे ओघळतं आणि बेलहाउसिंगच्या तळाशी येऊन थेंब धरतं. दिसायला ती गिअरबॉक्सचीच गळती वाटते. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये याच घराण्याचं 1489 सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना हा प्रकार नवा नाही. झाकणीचा मधला बोल्ट आवळून गळती थांबवायला जाऊ नका. पत्रा वाकतो आणि कडा आणखी उचलल्या जातात. ब्लॉकच्या उजव्या-मागच्या कोपऱ्यात ऑइल प्रेशर गेजची लवचीक नळी आणि ऑइल कूलरचा होज लागतो. तिथलं तेलही वाऱ्याने मागेच जातं. चालत्या गाडीत गळती नेहमी थेंबाच्या वर आणि पुढे शोधायची.

एवढं करूनही उगम सापडला नाही तर फक्त गिअरबॉक्समध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका, इंजिनात नाही. तीस-चाळीस किलोमीटर फिरवा आणि यूव्ही टॉर्चने खालून बघा. चकाकणारी रेघ दिसली तर गिअरबॉक्स, फक्त काळा ओघळ दिसला तर इंजिन. गाडी उभी करताना खाली पुठ्ठा अंथरून चाकांच्या जागा त्यावर आखून ठेवा, म्हणजे थेंब कुठल्या भागाखाली पडला ते नेमकं कळतं.

आता जागांबद्दल.

थेंब मागच्या टोकाला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजजवळ, जोडकड्याजवळ, असेल तर तुमचं नशीब चांगलं. हे सील गाडीखाली झोपूनच बदलता येतं. गाडी चार स्टँडवर सपाट घ्या, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. तेल कोमट असताना काढा. दोन्ही फ्लँजवर सेंटर पंचने खूण करा आणि चार बोल्ट काढून शाफ्ट खाली घ्या. पाने इंची लागतात, मेट्रिक पाना नटाचे कोपरे खातो. फ्लँजच्या भोकांत लांब पट्टी बोल्टने अडकवून फ्लँज धरा, नटाला लॉक असेल तो आधी सोडवा, मग नट काढा. फ्लँज पुलरनेच ओढा. हातोडा मारला तर बेअरिंगला बसतो.

सीलच्या पत्र्याच्या कड्यात दोन छोटे स्क्रू पिळून पकडीने सरळ बाहेर ओढा. स्क्रू खोल घालू नका, मागे बेअरिंग आहे. मग फ्लँजचा जो भाग सीलमध्ये फिरतो त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय, आणि नवं सीलही महिन्याभरात गळेल. त्यावर एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह (झिजलेल्या भागावर बसणारी पातळ धातूची बाही) चढवा, किंवा फ्लँज बदला. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. लिपला (सीलच्या आतल्या रबरी कडेला) ग्रीस लावा आणि सील त्याच मापाच्या सॉकेटने सरळ ठोका, तिरकं गेलं तर ते वाया गेलं समजा. आता हमखास विसरली जाणारी गोष्ट: तेल सीलमधूनच येतं असं नाही. ते फ्लँजच्या आतल्या स्प्लाइनच्या (उभ्या दात्यांच्या) खाचांतून सरकत नटाखालून बाहेर पडतं. स्प्लाइन पुसा आणि वॉशरखाली न सुकणाऱ्या सीलंटचा पातळ हात द्या. सील बदलूनही गळतंय अशी जी ओरड होते, तिचं कारण पुष्कळदा हेच असतं.

स्पीडोमीटरच्या केबलचं टोक तेलाने चिंब असेल तर पिनियनच्या (केबल फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) धारकावरची ओ-रिंग आणि आतलं छोटं सील बदला. अर्ध्या तासाचं काम. हे लांबणीवर टाकलं तर तेल केबलमधून चढत मीटरमध्ये शिरतं.

तुमच्याकडे एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह असणार. त्याच्या खालची संप प्लेट काढली की आत जाळी आणि चुंबक असतात. ते साफ करून नवी गॅस्केट लावा. इथे सिलिकॉन थापू नका. आत दाबला गेलेला सिलिकॉन तुटून जाळीत अडकतो आणि ओव्हरड्राइव्ह लागेनासा होतो. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांच्यामधल्या अ‍ॅडॅप्टर प्लेटच्या गॅस्केटमधून येत असेल तर मात्र सगळं खाली काढावं लागेल.

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लटकत ठेवलेली असते. थेंब तिथून येत असेल तर उगम आत आहे: इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं. ते भोक बुजवून गळती ‘बंद’ करणारे लोक असतात. मग तेल आत साठून क्लच प्लेटवर जातं. ती पिन सैल हलती हवी.

आणि इथेच गॅरेजवाल्याशी माझं जमणार नाही. भोकातून रात्रीला दोन-चार थेंब येतायत, क्लच घसरत नाही, गाडी सुटताना थरथरत नाही, मग फक्त त्यासाठी इंजिन काढू नका. तेलाची पातळी बघत राहा आणि क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा हे काम करा. क्लच थरथरत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

इंजिन निघालंच तर फ्लायव्हील पुसण्याआधी नीट बघा. त्याच्या इंजिनाकडच्या तोंडावर आणि बॅकप्लेटवर तेल असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाचं मागचं, सील. क्लचच्या बाजूला आणि रिलीज फोर्कभोवती असेल तर पुढचं कव्हर. दोषी कुणीही असो, दोन्ही सील, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सची मागची रबरी माउंटिंग बदलूनच आत ठेवा. पुढचं कव्हर काढताना मागच्या शिम (पातळ चकत्या) हरवू नका, त्या बेअरिंगचा प्ले ठरवतात. कव्हर चढवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर टेप गुंडाळा, नाहीतर धारेने लिप कापली जाते. कव्हर केंद्रात बसवून मगच नट आवळा.

सील नवं असूनही पुन्हा गळलं तर ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तपासा. गिअरबॉक्सचा ब्रीदर चिखलाने बंद झाला की गरम हवा तेलाला सीलमधून ढकलते. इंजिनाच्या ब्रीदर नळीचंही तसंच.

तेल भरताना गाडी सपाट हवी, मागून उचललेली असेल तर पातळी चुकते. चार-सिंक्रो (चारही पुढचे गिअर सिंक्रो असलेल्या) गिअरबॉक्सला साधारण 3 लिटर, ओव्हरड्राइव्हसकट 3.4 लिटर. डिपस्टिक असेल तर मधल्या बोगद्यावरच्या गालिच्याखालच्या रबरी बुचाखाली सापडेल, नसेल तर बाजूच्या लेव्हल प्लगच्या कडेपर्यंत भरा. ईपी 90 (गिअरचं घट्ट तेल) घालू नका आणि ‘लीक बंद करणारं’ औषध तर मुळीच नको, त्याने ओव्हरड्राइव्ह घसरू शकतो. संप प्लेट उघडली असेल तर ओव्हरड्राइव्ह दोन-चारदा लावून दहा किलोमीटर फिरा, गाडी उभी करा, तेल खाली बसू द्या आणि पातळी पुन्हा बघा. बहुतेक वेळा थोडं आणखी लागतं.